नकाशावरचा भैरोबा

आज हिर्डोशीला गेलो होतो. सोबत धरणाआधीच्या गावनकाशाची मोठी प्रिंट होती. पाण्याखाली गेलेली वाडी नेमकी कुठं होती, ते शोधायचं होतं.

एसटीच्या थांब्यावर मेंढरं राखणारे एक आजोबा भेटले. मी नकाशा जमिनीवर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यावर पाय ठेवला.

आजोबा वाकून बघत होते. म्हणाले, "पाव्हणं, पाय उचला. आमचा भैरोबा हाय तिथं."

पायाखाली खरंच देवळाची बारीक खूण होती. त्यांना वाचता येत नाही. ओढ्याच्या वळणावरनं त्यांनी जागा ओळखली होती. मग चपला काढून ते कागदाच्या पाया पडले.

इतकी वर्षं मी जुने नकाशे गोळा करतोय. चपला काढून नकाशा आज पहिल्यांदा बघितला.

तुमच्या गावाच्या नकाशावर तुम्ही आधी काय शोधाल?