मुनग्याच्या पावडरची पिशवी

चंद्रपूरहून गडचिरोलीची एसटी सावली गावाला थांबली तेव्हा भाची वंदना धानाच्या बांधीकडून धावतच आली. मला वाटलं, मावशीच्या ओढीने. तिला हवे होते माझे म्हातारे हात.

वंदनाचा बचत गट मुनग्याच्या (शेवग्याच्या) पाल्याची पावडर करतो, हाडांसाठी. आठवडी बाजारात सुटी विकून हाती काही उरत नाही, म्हणून मोहर्लीला, वाघ बघायला येणाऱ्यांसाठीच्या दुकानात ती ठेवायची होती. हल्ली अशा वस्तूंना चकचकीत डबा चालत नाही म्हणे. मातकट कागदी पिशवी हवी, आतला माल दिसायला खिडकी आणि वर झिप. तशा दोन नमुन्याच्या पिशव्या तिने भरून आणल्या होत्या.

"मावशी, उघडून पाह्य."

मी ओढलं, पिळलं, पदराने धरलं. पिशवी ढिम्म, बोटं मात्र ठणकायला लागली.

"तुझेच हात म्हातारे झाले," वंदना म्हणाली. मग ही घेणार कोण, सोळा वर्षांच्या पोरी? पण माझं तोंड कुठे होतं बोलायला? लग्नानंतर मीही सोनेरी लेबलावरच्या बाईवर भाळून टॉनिक आणलं आणि पाहुण्यांना दिसावं म्हणून कपाटात मांडलं. अशक्त मी, सुदृढ कपाट.

जेवायला तळ्यातल्या झिंग्यांचा रस्सा आणि भात होता. मी दोनदा घेतला, तिसऱ्यांदा वंदनाने न विचारता वाढला.

सकाळी आम्ही दोघी मोहर्लीला निघालो. चंद्रपूरच्या बसमध्ये माझ्या शेजारी मासे विकणारी बाई पाटी (टोपली) घेऊन बसली. मी एक पिशवी तिच्या हातात दिली.

"हे का होय, बाई?"

"हाडांचं औषध. उघडतं का बघ."

तिने पाटीतला चाकू काढून झिपेच्या खालूनच पिशवी कापली. झिप तिच्या मांडीवर, हिरवी पावडर माझ्या लुगड्यावर.

"अगं, आता बंद कशी करायची?"

"काऊन (का) बंद करता? डब्यात ओता ना. पिशवीत कोण ठेवते?"

पुढच्या सीटवरून वंदनाने वळून पाहिलं आणि तोंड फिरवलं. चंद्रपूरला बस बदलली, मोहर्लीच्या रस्त्याला सागाचं रान लागलं, तरी तिचं तोंड खिडकीकडेच.

दुकानदारीण बाईने उरलेली पिशवी आपल्या सासूला दिली. म्हातारीने बराच वेळ खटपट केली आणि हळूच खाली ठेवली.

"छान आहे पोरी," ती म्हणाली.

"छान आहे, पण उघडत नाई," सून म्हणाली. "मी ठेवून का करू?"

वंदनाचा चेहरा बघवेना. मी काही बोलणार, तोच तिने दुकानातली कात्री मागितली, कोपऱ्याला बारीक चीर दिली आणि पिशवी पुन्हा म्हातारीपुढे धरली. या वेळी ती एका ओढीत फाटली. म्हातारीने चिमूट जिभेवर ठेवली.

"कडू आहे."

"औषध आहे ना, आजी. झिप काढून टाकतो. लोकं डब्यात ओततील."

"तशा आण," सून म्हणाली. "ठेवून पाहतो."

परतीच्या बसमध्ये वंदनाने माझा हात मांडीवर घेतला आणि बोटांची पेरं एकेक करून दाबत राहिली.

"लय दुखते का, मावशी?"

दुखणं केव्हाच थांबलं होतं. पण तसं सांगितलं असतं तर तिने हात सोडला असता. म्हणून चंद्रपूर येईपर्यंत मी कण्हत राहिले.