लावू का, वैनी?

मी अन् शेजाऱ्यानं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे विहिरीवरच्या मोठ्या मोटरीला ग्रीस भरणं. माझी बायको तेव्हा घरात भाकरी करून राह्यली होती.

मी जहाजावर मोटरी चालवून आल्तो, असं हा शेजारी म्हणायचा. घनसावंगीचा माणूस अन् समुद्र? मला बिलकुल पटलं न्हाई. स्टार्टरचं हँडल ओढायच्या आधी तो दरवेळी माझ्या घराकडं तोंड करून ओरडायचा, "लावू का, वैनी?" तिचं "लावा!" येईस्तोवर हात हलवायचा न्हाई.

"विहीर माझी, मोटर माझी, अन् इचारतो तिला?" मी म्हणलो.

"भाऊ, मोठी मोटर चालू होताना सगळ्या जहाजाचे दिवे बारीक होतात, तसाच इथं तुमच्या घरातला बल्ब. उजेडात जो काम करून राह्यला, त्याला आधी इचारायचं."

मला त्यात काळंबेरं वाटायचं. तिच्या "लावा"त हसू असायचं.

ग्रीस भरलं त्याच दुपारी ती चुलीपाशी पडली, ती उठलीच न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊस सुकू नये म्हणून तो न बोलावता विहिरीवर आला. मी तिच्या चुलीपाशी बल्बाखाली बसलो होतो. दारातून दिसलं, त्यानं हँडल धरलं, घराकडं बघितलं, ओरडला न्हाई. मंग हँडल सोडून उंबऱ्यापाशी आला अन् हळूच म्हणाला,

"लावू का, भाऊ?"