चांदसाहेबांनी पारखलेला बंगला

उंब्रजला हायवेच्या कडेला, सर्व्हिस रोडवर चांदसाहेब शिकलगारांचं गॅरेज आहे. जुनी गाडी घ्यायची म्हटलं, की आसपासच्या गावांतला माणूस आधी त्यांच्याकडं येतो. चांदसाहेब गाडीभोवती सावकाश एक फेरी मारतात, पत्र्यावर बोटानं टिचकी मारतात आणि आवाजावरनं सांगतात, "हितं ठोकलीया. वरनं रंग मारलाय." तीस वर्षांत त्यांच्या गळ्यात कुणी खोटी गाडी मारली नव्हती. वडूजपर्यंत लोक म्हणायचे, "चांदभाईनं बघितलीय नव्हं? मग डोळं झाकून घे."

ह्या एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. बोलून दाखवायचे नाहीत, पण होता.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी घरच्यांना समुद्रावर न्यायचं ठरवलं. कारण होती त्यांची थोरली बहीण, आबेदा आपा. आई लवकर गेल्यावर आपानंच चांदसाहेबांना वाढवलं होतं. कराडजवळच्या मलकापूरला राहायची, अडुसष्ट वर्षांची झाली होती, आणि समुद्र तिनं फक्त टीव्हीवर बघितला होता. "चार तासावर समिंदर, आन मी न्हाई बघितला," असं ती हसत म्हणायची. चांदसाहेबांना ते हसणं टोचायचं.

मुलगा तारिक म्हणाला, "अब्बा, मी बघतो राहायचं." पण चांदसाहेब म्हणाले, "न्हाई, ते मी बघतो." पंधरा दिवस ते मोबाईलवर गुहागरचे बंगले बघत बसले. एक दिवस एक सापडला. नाव 'सागरवेल'. पुढं ओसरी, ओसरीवर झोपाळा, मागं नारळीची बाग, चार खोल्या. भाडं बाकीच्यांच्या निम्मं. खाली वीस-पंचवीस जणांनी लिहिलं होतं, लय छान, परत येणार. चांदसाहेबांनी फोन लावला. पलीकडचा माणूस अदबीनं बोलला. म्हणाला, मी फौजेत आहे, सध्या सरहद्दीवर पोस्टिंग आहे, घर रिकामंच पडतं, चांगल्या माणसांना स्वस्तात देतो. लगेच त्यानं आपलं फौजेचं ओळखपत्रही पाठवलं.

उंब्रजच्या भागात घराआड एक फौजी. कार्ड बघितलं आणि चांदसाहेबांच्या मनातली शंका होती-नव्हती तेवढी गेली.

धाकटी मुलगी शाझिया कराडला कॉलेजात शिकते. तिनं फोन हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "अब्बा, त्याला एकदा व्हिडिओ कॉल करायला सांगा. घरात कुणीतरी असंल की राखणीला, त्यानं घर दावावं. आन पैसं ज्या खात्यावर मागतोय त्यावर बाईचं नाव हाय, कार्डावर दुसरंच. ही सगळी चांगलं चांगलं लिवणारी माणसं बी एकाच दिवशी लिवून गेल्यात."

चांदसाहेबांनी फोन तिच्या हातातनं काढून घेतला. "फौजी माणूस हाय त्यो. आता तू मला पारख शिकवणार व्हय? तीस वर्सं काय मी झक मारली?"

शाझिया उठून आत गेली. पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

त्या माणसानं आधी निम्मे पैसे घेतले. मग दुसऱ्या दिवशी फोन आला, की दुसरी पार्टी मागं लागलीय, सगळे भरा म्हणजे तुमचं पक्कं. मग अनामत, निघताना परत देणार म्हणून. अठ्ठावीस हजार गेले. चांदसाहेबांनी ते तिन्ही वेळा घरात कुणाला न विचारता पाठवले.

ठरल्या दिवशी भाड्याच्या जीपमधनं नऊ माणसं निघाली. आपा, तिचा मुलगा, सून, नातू, आणि चांदसाहेबांच्या घरची पाच. पाटण, कोयना, कुंभार्ली घाट. तारिकची सात वर्षांची पोरगी, सबा, घाटभर आजोबांना विचारत होती, "दादा, झोपाळ्यावर पयली मी, व्हय ना?" चांदसाहेब म्हणायचे, "पयली तूच."

बंगला होता. फोटोत होता तसाच, नावाच्या पाटीसकट होता. चांदसाहेब ऐटीत जीपमधनं उतरले आणि त्यांनी फाटकाची कडी काढली. आत एक म्हातारा गडी सुपारीला पाणी देत होता. तो नळी हातातच धरून पुढं आला.

"कोण हवंय?"

"बुकिंग हाय आमचं. शिकलगार नावानं."

म्हाताऱ्यानं नळी खाली टाकली. जीपकडं बघितलं, आतल्या पोराबाळांकडं बघितलं, आणि आवाज बारीक करून म्हणाला, "हे घर भाड्यानं देत नाहीत हो. मालक पुण्याला असतात. कोणीतरी फोटो उचललेत. दिवाळीपासून तुम्ही चौथे."

चांदसाहेबांनी तिथंच फोन लावला. एकदा वाजला आणि कट झाला. दुसऱ्यांदा वाजलाच नाही. तारिकनं स्वतःच्या फोनवरनं लावायला घेतला, तर चांदसाहेबांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले. मागं जीपमधनं बाकीचे बघत होते. शाझिया तर दुसरीकडंच बघत होती, मुद्दाम. तिनं तोंडावर सांगितलं असतं, 'मी म्हटलं नव्हतं?', तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. सबानं जीपच्या खिडकीतनं झोपाळा बघितला. तिला आत जाऊ देत नाहीत हे तिला कळलं, का ते कळलं नाही.

तासभर हिंडल्यावर एका खानावळीच्या मागं दोन खोल्या मिळाल्या. तिथं नऊ माणसं दाटीवाटीनं राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आपा लुगड्याचा काठ उचलून गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सगळे हसले. चांदसाहेब वाळूवर मागंच बसून राहिले. बहिणीचा आनंद बघायला ते इतक्या लांब आले होते, आणि आता त्यांना तिच्याकडं मान वर करून बघवत नव्हतं.

परत येताना घाटात जीप चहाला थांबली. चांदसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण कुणाकडंही न बघता म्हणाले, "गावात कुनी काय बोलायचं न्हाई. बंगला मिळाला, चांगला हुता. एवढंच."

तारिकनं मान हलवली. शाझिया म्हणाली, "अब्बा, तक्रार तरी करू. एक नंबर असतो, फसवणुकीचा."

"तक्रार केली की गावभर व्हतंय," चांदसाहेब म्हणाले. "मला गॅरेजात बसायचं हाय."

आपा चहाचा कप हातात धरून भावाकडं बघत होती. मग म्हणाली, "बरं. तू म्हणशील तसं, चांद." तिनं एवढं समजून घेतलं, हेच त्यांना सोसवलं नाही.

गॅरेजात चौथ्या दिवशी कृष्णात आला. कृष्णात फौजेतनं हवालदार होऊन निवृत्त झालेला, आता ऊस करतो. वीस वर्षांची ओळख. दोघांच्या घरी एकमेकांचं जेवणखाण.

"काय चांदभाई, झाली का कोकणाची ट्रिप? बंगला कसा हुता?"

सबा तेव्हा तिथंच बाकावर बसून बिस्किट खात होती. चांदसाहेब पान्याचं ग्रीस पुसत राहिले. कृष्णातनं मग पोरीलाच विचारलं, "काय गं, झोपाळा हुता म्हणं?"

सबानं आजोबाकडं बघितलं. बिस्किट हातात तसंच धरून म्हणाली, "व्हय. मी लय बसले झोपाळ्यावर."

सात वर्षांच्या पोरीनं त्यांच्यासाठी खोटं बोलावं, आणि इतकं सफाईनं बोलावं! त्यांना तिथल्या तिथं खरं सांगायचं होतं. पण गॅरेजात आणखी दोघं उभे होते. त्यांनी फोन काढला, 'सागरवेल'चे फोटो कृष्णातला दाखवले आणि म्हणाले, "एकदम झकास. समिंदर पायाशी."

पुढं तीन आठवडे गेले. कारखान्याचा सीझन जोरात, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर, गॅरेजात काम वर आलेलं. चांदसाहेबांना वाटायला लागलं, की मिटलं.

एका सकाळी अकराच्या सुमाराला कृष्णात बोलेरो घेऊन आला. चेहरा फुललेला. त्याचा पोरगा ऋषिराज फौजेत, वर्षानं दहा दिवसांच्या सुट्टीवर यायचा होता.

"चांदभाई, काम झालं बघा. त्योच बंगला घेतला! नाव मला ध्यानात हुतं, मोबाईलवर हुडकला. आमची बायकू संयोगिता म्हणली, आधी कुनाला तरी विचारा. मी म्हणलं, चांदभाई ऱ्हाऊन आल्यात, आता कुनाला विचारायचं? तुमचं नाव सांगितलं तर त्यो माणूस म्हणला, व्हय व्हय, शिकलगार, लय चांगली माणसं, त्यांच्यासारखाच भाव तुमाला लावतो."

चांदसाहेबांनी हातातला पाना खाली ठेवला.

"पैसं पाठवलं?"

"आत्ता, निघायच्या आधी. सगळंच पाठवलं, वीस हजार. का वं?"

गॅरेजात चार गिऱ्हाइकं होती. कृष्णातला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण तेवढा वेळ घालवायचाही चांदसाहेबांना धीर नव्हता, आणि उद्या सांगतो म्हटलं तर आपण पुन्हा सांगणार नाही, हे त्यांना स्वतःबद्दल आता कळलं होतं.

"कृष्णात, त्यो बंगला न्हाई," ते म्हणाले. "बंगला हाय, पर त्याचा न्हाई. मी फाटकातनं परत आलो. फसलो मी. अठ्ठावीस हजार गेलं. तुला खोटं बोललो."

कृष्णातला दोन क्षण कळलंच नाही. मग तो म्हणाला, "आन ती पोरगी? झोपाळ्यावर..."

"तिला मीच गप बसायला सांगितलं हुतं."

चांदसाहेबांनी शाझियाला फोन लावला. ती कॉलेजातनं बोलली, एक शब्द वाया न घालवता. "१९३० ला फोन लावा, आत्ताच्या आत्ता. तासाभरात सांगितलं तर पैसं पुढं जायच्या आत अडवत्यात. मग बँकेला." कृष्णातनं फोन लावला, खातं, वेळ, रक्कम सगळं सांगितलं. चांदसाहेब शेजारी उभे होते. मध्येच त्यांनी कृष्णातला ते फौजेचं कार्ड दाखवलं. कृष्णातनं एकदाच बघितलं.

"ह्या टोपीवर ह्यो बिल्ला नसतोय," तो म्हणाला. "येऊन मला दावलं असतं तर एका मिन्टात सांगितलं असतं."

त्या दिवशी दुपारी शाझियानं घरी बसून वडलांचीही तक्रार लिहायला घेतली. उशीर झाला होता, पण मोबाईलवरच्या बंगल्याच्या त्या पानावर आणखी कुणी पैसे भरू नयेत म्हणून. चांदसाहेब शेजारी बसून सांगत होते, ती टाइप करत होती. खात्यावरचं नाव येगळं, व्हिडिओ कॉल केला नाही, भाडं निम्मं.

"लिही, की माझ्या पोरीनं ह्ये सगळं आधी सांगितलं हुतं."

"अब्बा, ते लागत न्हाई त्यात."

"लिही."

तिनं लिहिलं. लिहिताना तिनं मान वर केली नाही, आणि त्यांनीही नाही.

कृष्णातचे वीसपैकी तेरा हजार बँकेत अडकले आणि दोन महिन्यांनी परत आले. चांदसाहेबांचे काहीच आले नाहीत. ऋषिराजच्या सुट्टीसाठी शाझियानंच दुसरी जागा बघून दिली. मालकाला व्हिडिओवर सगळं घर फिरवायला लावलं, तिथल्या शेजारच्या दुकानदाराला फोन करून खात्री केली, आणि पैसे पोचल्यावर द्यायचे ठरवले. कृष्णातनं तिचे आभार मानले. चांदसाहेबांना त्यानं फोन केला नाही.

गावभर अर्थातच झालं. कुणी तोंडावर हसलं नाही, पण गाडी बघायला बोलावणं महिनाभर आलं नाही, आणि आलं तेव्हा चांदसाहेबांनीच म्हटलं, "आनखी कुनाला तरी दावा, माझ्या एकट्यावर जाऊ नका." सबाला त्यांनी जवळ बसवून सांगितलं, की तू खोटं बोललीस त्यात तुझी चूक नाही, ती माझी. तिनं विचारलं, "मग आता खरं सांगू का सगळ्यांना?" ते म्हणाले, "सांग." तिनं शाळेत सगळ्यांना सांगितलं.

कृष्णातची बोलेरो सर्व्हिसिंगला कराडला जायला लागली. माघ संपता संपता एक दिवस ती गॅरेजासमोर येऊन थांबली. कृष्णात उतरला नाही, काच खाली करून म्हणाला, "क्लच घसरतोय."

चांदसाहेब बाहेर आले. त्यांना बरंच काही बोलायचं होतं. घरी त्यांनी ते कितीदा तरी जुळवलं होतं.

"दोन तास लागत्याल," ते म्हणाले.

"थांबतो," कृष्णात म्हणाला, आणि उतरून बाकावर बसला. चहा मागवला तर नको म्हणाला. दोन तास दोघं क्लचचं तेवढं बोलले.