बुधवारचा फोन

बँकॉकला शिकायला जाणारा आमच्या गल्लीतला मी पहिला, आणि सांडपाणी शिकायला जाणारा तर बहुधा साऱ्या भिवंडीत एकटाच. ज्याचं घर उघड्या गटाराच्या काठावर, त्याने त्याच विषयातल्या एम.एस.साठी विमानात बसावं, याची गल्लीला फार मौज वाटली. त्यातून अमेरिका नाही, बँकॉक. शेजारच्या काकूंनी निकाल दिला, "फॉरेनच, पण जवळचं."

आई मात्र खूश होती. ती नगरपालिकेच्या मराठी शाळेत सकाळच्या पाळीला शिकवायची. वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते. मला शिष्यवृत्ती मिळाल्याचं तिने शाळेत प्रार्थनेनंतर माइकवरून जाहीर केलं, मुख्याध्यापकांना न विचारता.

धामणकर नाक्याजवळच्या आमच्या घराची मागची भिंत एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला लागून होती. मालक कोकणी मुसलमान. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. फोन फक्त त्यांच्या केबिनमध्ये. एरवी तिथे दिवसरात्र मागांचा खडखडाट, पण शुक्रवारी वीज बंद, कारखाना बंद. म्हणून ठरलं की महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, चाचा नमाजहून आले की मी फोन करायचा. मागावर इकडून तिकडे पळणारा जो लाकडी धोटा असतो, त्याने चाचा भिंतीवर तीन ठोके द्यायचे. आई मागच्या दाराने यायची आणि चाचा म्हणायचे, "बाई, बँकॉक आला."

सुटीमुळे कामगार तिथेच कॅरम खेळत बसलेले असत. आई रिसीव्हर कानाला लावायची आणि माझं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणायची. वर्गातली सवय. "होडीने कॉलेजला जातो म्हणे." मागून कुणीतरी विचारायचं, पोहता येतं का त्याला? तो प्रश्न तिच्यामार्फत माझ्याकडे यायचा. आता मी गणपतीतल्या एकांकिका गाजवलेला माणूस. दिसत नसलं तरी प्रेक्षागृह भरलंय म्हटल्यावर मी थांबतो की काय? दुसऱ्याच महिन्यात मी हत्ती आणला. आमच्या कॉलेजच्या फाटकावर हत्ती उभा असतो आणि उशिरा येणाऱ्याची वही सोंडेने काढून घेतो, असं सांगितलं. "हत्ती म्हणतोय," आई म्हणाली, आणि असा हशा उठला की ऑपरेटरने मध्येच येऊन विचारलं, लाइन ठीक आहे ना.

होडी नव्हती, हत्तीही नव्हता. शहरापासून लांब, सपाट पाणथळ जागेत कॉलेज होतं. प्रयोगशाळेत गढूळ पाण्याच्या बाटल्यांच्या रांगा होत्या, आणि ते पाणी का गढूळ आहे हे आकड्यांत मांडताना माझी गाळण उडायची. गणित मी आजवर पाठ करून पास झालो होतो. तिथे पाठांतराला कुणी विचारत नव्हतं. प्रोफेसर अतिशय सभ्य गृहस्थ. सभ्य माणसाने आपली आशा सोडली की ते आपल्याला लवकर कळत नाही. आधी त्यांनी मला प्रश्न विचारणं सोडलं, मग ते माझ्याकडे बघून हसू लागले.

मी भर दुपारी पडदे ओढून खोलीत पडून राहू लागलो. पहिले काही महिने तर त्या शांततेत झोपच लागायची नाही. पंखा जरा वाजावा म्हणून मी त्याचं एक पातं वाकवलं होतं. माझा नेपाळी रूममेट ते निमूटपणे सरळ करायचा, मी पुन्हा वाकवायचो. दुसऱ्या वर्षी मी पात्याला हात लावणं सोडलं. शांतता अंगवळणी पडली होती. बँकॉकमध्ये मला जमलेली ती एकमेव गोष्ट.

मग पत्र आलं. सलग दोन सत्रं गुण कमी पडल्याने शिष्यवृत्ती बंद. महिनाअखेर खोली सोडावी.

पहिला शुक्रवार आला. मोठ्या पोस्टातल्या फोनच्या खोलीत उभा राहून मी शब्द जुळवत होतो. आणि लक्षात आलं की आई माझं वाक्य परत म्हणणार. 'नापास झालो म्हणतोय.' स्ट्रायकरवरचं बोट तिथेच थांबणार. चाचा खाली बघणार. शाळेत माइकवरून सांगितलेलं सगळं त्या केबिनमध्ये, तिच्याच तोंडून, परत घेतलं जाणार. मी हत्तीला पिल्लू झाल्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या.

पुढचे चार दिवस जेवण गेलं नाही. मग एक युक्ती सुचली, आणि खरं सांगतो, तिचा मला अभिमानही वाटला. बुधवारी दुपारी फोन करायचा. माग चालू असतील, तिला एक शब्दही ऐकू येणार नाही. माझं सांगून होईल आणि तिचं ऐकायचं राहील.

लाइन लागली तसा खडखडाट कानात घुसला. चाचा काहीतरी ओरडले. बराच वेळ नुसते माग. मग आईचा श्वास ऐकू आला.

"आई, मी नापास झालोय," मी म्हणालो. ओरडलो नाही. "डिग्री मिळणार नाही. मला झेपलं नाही ते. आणि होडी, हत्ती, सगळं खोटं होतं."

पलीकडे माग चालत राहिले. मग ती जोरात म्हणाली, "आवाज येत नाही रे. शुक्रवारी कर."

त्या दिवशी मी दोन ताटं जेवलो.

शुक्रवारी फोन केला. मी तोंड उघडायच्या आत आईचा वर्गातला आवाज आला, "कोर्स लवकर संपला म्हणे. या महिन्यातच येतोय." मागे कॅरमवाल्यांनी वाहवा केली. मी एक अक्षर बोललो नव्हतो. मग तिने आवाज खाली आणला. "तुझी खाट उन्हात टाकलीय. ढेकूण झाले होते."

रिसीव्हर ठेवल्यावर मी तिथल्या बाकावर बसलो. भिंतीपलीकडचे तीन ठोके तिला बुधवारीही ऐकू आले होते. म्हणून तर ती आली. तीस वर्षं त्या भिंतीला पाठ लावून ती वह्या तपासत होती, मागांच्या आवाजात दाराशी आलेल्या भाजीवालीशी घासाघीस करत होती. आणि बुधवारी तिने माझं एकही वाक्य परत म्हटलं नव्हतं.

मी कल्याणहून रिक्षाने आलो. वाटेतलं कोन गाव मागे पडलं, भिवंडी जवळ आली, आणि तो खडखडाट सुरू झाला तसे मी कानांवर हात ठेवले. दारात चाचा उभे होते. मोठ्याने म्हणाले, "हत्ती कुठं हाय?" माझ्या आधी आईच म्हणाली, "कस्टमवाल्यांनी अडवलाय." सगळे हसले. मीही.

ती पुढे अकरा वर्षं जगली. पुन्हा कधी विषय काढला नाही. मी ठाण्याला नोकरी धरली, पाणी सोडून दुसऱ्याच खात्यात. शाळेत कुणी विचारलं तर ती हत्तीची गोष्ट सांगायची, माझ्यापेक्षा चांगली. मला सांगायचं होतं. एकदा नीट, तोंडासमोर. दरवेळी माग थांबण्याची वाट बघायचो, आणि थांबले की गप्प बसायचो.

मागांच्या आवाजातून बोलणं वेचणारा माझा कान मात्र परत आला नाही. माग चालू असताना ती ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून काहीबाही बोलायची. मला ऐकू यायचं नाही. काय म्हणालीस, असं विचारलं की ती वळायची, माझ्याकडे बघायची, आणि हाताने जेवायची खूण करायची.