मांडीवरचा दगड

सकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला, तेव्हा मी सवयीने म्हणालो, "गाडी चालू आहे, कागदपत्रं तयार आहेत, बघायला कधी येता?" पलीकडून अनंताच्या बायकोचा, सुमनवहिनींचा आवाज आला. "मास्तर, मी शेजारच्या फोनवरून बोलते. हे गेले हो." अनंता सकाळचा चहा पिऊन पडवीत टेकला होता, तो उठलाच नाही. इतक्या वर्षांचा मित्र गेल्याची बातमी मी अशी, गिऱ्हाईकाचा फोन समजून ऐकली. त्याला हे सांगता आलं असतं, तर तो पोट धरून हसला असता.

त्याच्या जुन्या पिकअपच्या मागच्या फाळक्यावर 'विकणे आहे' हे शब्द माझ्याच हस्ताक्षरात होते आणि खाली नंबरही माझाच होता. समोरच्याचं तोंड दिसल्याशिवाय त्याच्याशी बोलायचं काय, असा अनंताचा फोनबद्दलचा सवाल असे. पाटी इतकी वर्षं टिकली, की वाडीवरच्या बायका महाडच्या बाजारात एकमेकींना विचारत, "विकणे आहे आली का गो?" मुलांना तर ते गाडीचं नावच वाटायचं.

पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या शाळेवर माझी बदली झाली आणि मी ट्रंक घेऊन स्टँडबाहेर उभा होतो, तेव्हा ही चौकोनी नाकाची गाडी खोकत येऊन थांबली. "नवे मास्तर ना? बसा. पन ह्यो दगड मांडीवर घ्या." काळा, तिकोनी, नारळाएवढा दगड. हँडब्रेक कधीच निकामी झाला होता. गाडी चढावर थांबली की शेजारी बसणाऱ्याने आधी उतरायचं, मागच्या चाकाला दगड लावायचा, मग अनंता ब्रेकवरचा पाय काढणार. त्या दिवसापासून हे काम माझ्याकडे आलं, ते कायमचं. वर्गात पाढे म्हणवून घेणारा मास्तर रस्त्यात दगड घेऊन धावतो, हे बघून माझी मुलं काय खूश व्हायची! हँडब्रेक दुरुस्त का करत नाहीस, म्हणून मी एकदा चिडलो. अनंता म्हणाला, "हँडब्रेक तुटला तर कळत नाय, मास्तर. दगड तुटला तर दिसतो." माझं सगळं शिक्षण तिथे थिटं पडलं.

एकदा आंब्याची कलमं आणायला आम्ही खेडला निघालो होतो. कशेडी घाटात पुढे दरड आली होती आणि सगळ्या गाड्या चढावरच खोळंबल्या. "दगड," अनंता म्हणाला. मी मांडीकडे पाहिलं, तर मांडी रिकामी! खालच्या चहाच्या टपरीवर विसरलो होतो. समोर रस्ताभर दगडच दगड पडलेले. मी उतरून त्यातला एक चांगलासा उचलला, तर अनंता खिडकीतून ओरडला, "तो नको! दरडीचा हाय तो. एकदा जागा सोडून आलेल्यावर काय भरवसा ठेवायचा?" मी तसाच मागे फिरून चालत टपरीवर गेलो. टपरीवाल्याने आमच्या दगडाखाली वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला होता. धापा टाकत परत आलो, तोवर अनंता ब्रेक दाबून बसलेलाच. पायात गोळा आलेला, तरी हसत होता. म्हणाला, "पाय माझा, विसर तुमचा. फिटंफाट झाली."

अनंताच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर वहिनींनी गाडी विकायचा धोशा लावला, म्हणून ती पाटी आली. गिऱ्हाईकंही आली. अनंता त्यांना शाळेजवळच्या चढणीवर नेई, गाडी थांबवायला सांगे आणि गप्प बसून राही. गिऱ्हाईक हँडब्रेक ओढी, दांडा त्याच्या हातात येई. मग अनंता त्याला घरी आणून चहा पाजी आणि नकार देई. "ह्यांना गाडी विकायची नाय, गिऱ्हाईकांना चहा पाजायची हौस हाय," वहिनी कावून म्हणत. मी कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "चढणीला गाडी उभी केली, की मागं कोन हाय ते आधी बघावं. एकानंपन बघितलं नाय." आणि मग, "मी गेल्यावर तिला भंगारात घातलीत तर वरून येऊन भांडेन." मी शब्द दिला.

तेराव्यानंतर वहिनीच म्हणाल्या, "मास्तर, आता खरंच विका. गाडी अंगणात दिसली की मला वाटतं हे घरीच हायत... आणि मी चहा एक कप जास्त टाकते." भंगारवाला दोनदा येऊन गेला, त्याला मी फाटकातूनच परत पाठवला. मग परीक्षा सुरू केली. परीक्षा घेणं मला नवं नव्हतं. तिघे नापास झाले. चौथी आली हिरकणीवाडीची वनिता, सोबत नणंद शोभा. रायगड बघायला येणाऱ्यांसाठी वनिताचं पिठलं-भाकरीचं दुकान आहे, महाडहून सामान न्यायला तिला गाडी हवी होती. चढणीवर तिने गाडी थांबवली, पाय ब्रेकवर ठेवला, आरशात पाहिलं, शिवाय मान वळवूनही पाहिलं आणि म्हणाली, "शोभे, उतर गो. आधी चाकाला दगड लाव."

शोभा उतरली, तिने इकडेतिकडे शोधलं आणि तिची नजर गाडीत माझ्या मांडीवरच्या दगडावर गेली. "तो द्या ना, मास्तर." खरं सांगतो, गाडी द्यायची पण दगड ठेवून घ्यायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. घरी पुस्तकांच्या कपाटावर जागाही करून ठेवली होती. पण चढावर उभी गाडी, मागे शाळा सुटलेली... मी दगड दिला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी रॉकेलच्या फडक्याने माझी अक्षरं पुसली आणि गाडी रायगडाकडे गेली, दगडासकट.

अंगण आता मोकळं आहे. चहा मात्र अजून एक कप जास्तच होतो, असं वहिनी सांगतात, म्हणून संध्याकाळी मी तिकडे जातो. पडवीत बसलो की माझे दोन्ही हात आपोआप मांडीवर येतात, काहीतरी सांभाळून धरल्यासारखे. परवा वहिनींनी ते पाहिलं. थोडं हसल्या, गरम कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धरा. मांडी रिकामी बरी दिसत नाय तुमची."