परीक्षेनंतर सांगितलेली बातमी

परभणी स्टेशनवर गाडी सुटताना आईनं खिडकीच्या गजातून माझा हात धरला. "तिकडे आमटीतसुद्धा गूळ घालतात म्हणे. गोड लागलं तरी पोटभर जेव." बाबा मागे उभे राहून बॅगेची चेन नीट लावली का, ते खुणेनं विचारत होते. एमएस्सीसाठी मी मैसूरला निघाले होते. आई दिसली ती तेव्हा शेवटची.

माझी पहिल्या सेमिस्टरची परीक्षा चालू असतानाच ती हृदयविकारानं गेली. मला कुणी कळवलं नाही. फोन केला की बाबा म्हणायचे, "आई झोपलीय. तू अभ्यास कर." शेवटचा पेपर झाल्यावर काकांनी सांगितलं. मी पोचले तोवर अस्थीसुद्धा विसर्जित झाल्या होत्या. दारात पाहुण्यांच्या चपलांचा ढीग होता. आईच्या चपला कुणीतरी देऊनही टाकल्या होत्या.

"का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तीच म्हणाली होती दवाखान्यात, पोरीचं वर्ष जाऊ देऊ नका," बाबा म्हणाले. हे खरं, की माझ्या समजुतीसाठी रचलेलं, ते मला आजही माहीत नाही.

मैसूरला परतले आणि हॉस्टेलच्या खोलीत पडून राहिले. क्लास नाही, मेस नाही. आमच्या कॅम्पसवर विद्यार्थ्यांचाच एक गट होता. थोडं प्रशिक्षण घेतलेली मुलंमुली कोलमडलेल्या सोबत्यांचं ऐकून घ्यायची, गरज असेल तर समुपदेशकांकडे न्यायची. त्यातली सुमा एका दुपारी दारात उभी राहिली. गावातल्याच जयलक्ष्मीपुरम भागातली, पिढ्यान्‌पिढ्या मैसूरला राहिलेल्या मराठी घरातली. तिचं मराठी निम्मं कन्नड.

"बोलायचं नसलं तर नको बोलू गं. सुम्ने बसू दोघी, उगीच."

ती रोज येऊन बसायची. एकदा तिनं विचारलं, "अम्मांचं नाव काय होतं?"

हिंमत धर, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. नाव कुणीच विचारलं नव्हतं. "मालती," मी म्हणाले, आणि तेव्हा कुठे रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी सुमा मला समुपदेशक मॅडमकडे घेऊन गेली आणि मी बाहेर येईपर्यंत बाकावर बसून राहिली.

पुढच्या वर्षी मीही त्या गटात गेले. अनोळखी मुलींचं दुःख ऐकताना वाटायचं, बाबांना आपण काहीच विचारलेलं नाही. अखेर फोनवर विचारलं, "आई झोपलीय असं सांगून फोन ठेवल्यावर तुम्ही काय करत होता?"



"न्हाणीघरात जायचो. नळ सोडून रडायचो. घर माणसांनी भरलं होतं ना."

सांगता सांगता ते रडू लागले. ते रडत राहिले, मी फोन कानाशी धरून बसले.

आता नोकरीही इथंच, मैसूरजवळच्या कडकोळला. कन्नड येतं, गोड आमटी आवडते. कामावरच्या नव्या मुली विचारतात, "अक्का, तुमचं घर कुठलं?" मी परभणी सांगते. सुट्टीत जाते तेव्हा बाबा भात लावतात, मी वरणाला फोडणी देते. आपला बीपी वाढला, रात्री झोप लागत नाही, हेही ते आता आपणहून सांगतात. त्या घरात माझ्यापासून कुणी काही लपवत नाही. आईच्या जाण्याएवढं लपवावं असं तिथं आता काही उरलेलंच नाही.