मास्तरांचं बोट

मला भीती वाटते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणतात, तीस वर्षं बँडमध्ये सॅक्सोफोन फुंकणारा माणूस, त्याला कसली आलीय भीती! अहो, भर दुपारचे बारा, डोक्यावर तुऱ्याची टोपी, अंगात लाल कोट, समोर घोडा, घोड्यावर नवरदेव आणि दोनशे माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत. भीती नाही वाटणार तर काय गुदगुल्या होणार?

आमचं बँडपथक धरणगावचं. लग्नसराईत वाजवायचं आणि बाकीचे दिवस मी कापसाच्या जिनिंगवर रुईच्या धुळीत काढायचे. पथक होतं मास्तरांचं. त्यांना गावात कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही, लहानथोर सगळे मास्तरच म्हणायचे. ते क्लॅरिनेट वाजवत. जुनी गाणी अशी वाजवायचे की मांडवातल्या बाया हातातलं काम ठेवून बाहेर यायच्या.

मास्तर पोरसवदा असताना भुसावळला रेल्वेत हमाली करायचे. तिथल्या रेल्वेच्या हॉलमध्ये तेव्हा शनिवारी नाच चालायचा. एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर होता, सगळे त्याला साहेबच म्हणत. तो सॅक्सोफोन वाजवायचा आणि जे वाजवायचा त्याला जाझ म्हणायचा. मास्तर त्याच्याकडे शिकले. साहेबाचं म्हणणं असं, की गाणं हे आपलं घर. घरातून निघायचं, वाटेल तिथं हिंडायचं, पण जेवायच्या वेळेला परत घरी यायचं. हिंडताना कुठं जाणार हे आधी ठरवायचं नाही. ठरवलं की ते हिंडणं नव्हे, ड्युटी झाली. साहेब निवृत्त होऊन परदेशी गेला तेव्हा आपला सॅक्सोफोन मास्तरांना देऊन गेला. तोच पुढं माझ्या गळ्यात आला.

साहेबाची ही रीत मास्तरांनी आमच्या वरातीत आणली. नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळापासून निघाली की मांडवाच्या कमानीपर्यंत आम्ही नाचाची गाणी वाजवायचो. कमानीपाशी आलं की मास्तर हात वर करायचे. सगळा बँड गप्प. फक्त ढोल चालू. मग मास्तर आमच्यातल्या कुणातरी एकाकडे बोट करायचे. त्यानं एकट्यानं वाजवायचं, डोक्यात येईल ते. याला आमच्यात ‘मोकळं’ म्हणायचे. आजूबाजूच्या गावांत दुसऱ्या कुठल्याच बँडमध्ये हे नव्हतं. लोक मुद्दाम आमचं पथक बोलवायचे ते या दोन मिनिटांसाठी.

पहिल्याच लग्नसराईत ते बोट माझ्याकडे वळलं आणि माझी बोबडी वळली. फुंकर मारली तर नुसती हवा. मास्तरांनी क्लॅरिनेट उचलून पटकन पुढचं गाणं सुरू केलं म्हणून निभावलं. रात्री जेवताना म्हणाले, “पुढला वेळले वाजाडजो भो. नई जमनं तर जिनिंग शेच.” हसून म्हणाले, पण अर्थ सरळ होता, नाही जमलं तर परत जिनिंगवर. माझ्याआधी दोघांना त्यांनी असंच हसत हसत घरी पाठवलं होतं. त्यातला एक तर फिल्मी गाण्याची चाल घोटून आला होता. मास्तर त्याला म्हणाले, “बांधेल माल आठे चालत नई,” आणि त्याचा ट्रंपेट काढून घेतला. तो सॅक्सोफोन माझ्याकडून जाणार, या विचारानं मला जेवण जाईना. दुसरं काही येत नव्हतं मला. बरं वाजवतो, एवढीच काय ती माझी गावात पत.

मग मी लबाडी केली. जिनिंगच्या मागं कडुनिंबाखाली बसून महिनाभर एक तुकडा बांधला. खालच्या सुरावर सावकाश सुरुवात, मग वर चढण, मध्ये एक हसल्यासारखी गिरकी, मग दम घेतल्यासारखा थांबा आणि उतरून परत घरी. दोन मिनिटं. वहीत सरगम लिहून पाठ केला. आणि खरी लबाडी पुढंच आहे. त्या थांब्यापाशी मी डोळे मिटायचो, कपाळाला आठ्या घालायचो, जणू आता काय वाजवावं हे शोधतोय. लोक म्हणायचे, बघा, कसा आतून काढतो! आतून कसलं, वहीतून.

बोट माझ्याकडे वळलं की तो तुकडा. धुळ्यात तोच, चोपड्यात तोच, पाचोऱ्यातही तोच. शिट्ट्या पडायच्या. ढोल वाजवणारा माझा मावसभाऊ, त्याला अर्थात कळलं होतं. तो गिरकीच्या बरोबर आधी ढोलावर एक थाप जास्त टाकायचा आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचा. बाहेर काही बोलला नाही, तेवढे उपकार.

पण मास्तर? बावीस वर्षं मी त्यांच्याकडे चोरून बघत आलो. माझं वाजवून झालं की त्यांचा चेहरा कोरा. ना शाबास, ना शिवी. मला वाटायचं, आज कळलं. मग वाटायचं, नाही, कळलं असतं तर बोलले असते. लोकांच्या हातात मोबाइल आले तशी माझी पाचावर धारण बसली. जो तो व्हिडिओ काढतोय. चोपड्याचा आणि पाचोऱ्याचा एकापाठोपाठ कुणी लावला की झालं! बायको म्हणायची, “अहो, कोण एवढं रिकामं बसलंय?” मी म्हणायचो, मास्तर बसलेत. झोपेत मला ते बोट दिसायचं.

मास्तरांच्या शेवटच्या लग्नसराईतलं शेवटचं लग्न नरडाण्याला होतं. त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती, दात हलत होते, क्लॅरिनेट ओठात धरवत नव्हतं. टेम्पोत आम्ही सगळे आणि ढोल एकमेकांवर आदळत चाललो होतो. मास्तर ड्रायव्हरशेजारी. मागं वळून म्हणाले, “आज मी पहिले मोकळं वाजाडसू. मंग बोट.”

सगळे खूश. मास्तर स्वतः वाजवणार! मी मात्र गार पडलो. का ते सांगता येत नव्हतं. मला एवढंच आठवलं, की इतक्या वर्षांत मास्तरांना मोकळं वाजवताना मी कधी ऐकलेलंच नाही. गाणी ऐकली, मोकळं नाही. एवढा मोठा वादक, त्याला दाखवायची काय गरज, असंच आम्ही समजत आलो होतो.

उन्हानं डांबर मऊ झालं होतं. कमानीपाशी मास्तरांनी हात वर केला. ढोल चालू राहिला. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि पहिला सूर काढला. खालचा. माझा.

मला वाटलं, असेल योगायोग. मग दुसरी ओळ आली. तीही माझी. मग चढण. माझा बावीस वर्षांचा तुकडा, वहीतल्या सरगमीसकट, मास्तर एकेक सूर उचलून वाजवत होते. गिरकीवर शिट्ट्या पडल्या. आणि मग तो थांबा आला. मास्तरांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. अगदी मी घालतो तशा. मावसभावानं ढोल वाजवता वाजवता मान खाली घातली.

शेवटचा सूर संपला. टाळ्या झाल्या. आणि ते बोट माझ्याकडे वळलं.

त्या क्षणी माझ्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. एकच शर्ट होता, तोही काढून घेतला होता चारचौघांत. घशाला कोरड पडली. तोंडातली रीड, म्हणजे ती बांबूची पट्टी, ज्यावर सगळा सूर अवलंबून, तीही कोरडी ठाक. मी फुंकलं तर सॅक्सोफोन कुत्र्याच्या पिलासारखा केकाटला. करवल्या फिदीफिदी हसल्या. घोडा दचकला. मला वाटलं, सॅक्सोफोन तिथंच खाली ठेवावा आणि स्टेशनकडे पळत सुटावं.

पळालो नाही, कारण मागं ढोल होता आणि पुढं घोडा. मी एक सूर धरला. श्वास थरथरत होता म्हणून सूरही थरथरला. तो नीट करायला गेलो तर जास्तच थरथरला. म्हटलं, थरथर बाबा. मग तसाच धरून ठेवला दम संपेपर्यंत. परत दम घेतला, परत तोच, जरा वरून. पुढं काय वाजवलं ते मला आठवत नाही. खरंच नाही आठवत. एवढं आठवतं की रडू येत होतं आणि नवरदेवाचा मामा ओरडला, “ओ बँडवाले, मुहूर्त चालला!” दोन-चार टाळ्या पडल्या, त्याही दयेच्या असाव्यात.

लग्न लागलं. मांडवामागं सावलीत पंगत बसली. मास्तर एका कोपऱ्यात वरण-बट्टीचं ताट घेऊन बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि गळ्यातला सॅक्सोफोन काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, “मास्तर, चुकलं माझं. कधी कळलं तुम्हाला?”

“दुसराच वरीसले.”

“मग तेव्हाच का नाही काढलं मला?”

मास्तर बट्टी कुस्करत होते. हात असा कापत होता की बट्टी फुटेना. मी खाली बसून ती कुस्करून दिली. मग ते हळूच बोलले. भुसावळच्या हॉलमध्ये साहेबानं एकदा त्यांच्याकडे बोट केलं होतं. समोर सूटबूट घातलेली माणसं, मडमा. मास्तर उभे राहिले आणि काहीच वाजवू शकले नाहीत. तसेच खाली उतरले. त्यानंतर आयुष्यात पुन्हा कधी मोकळं वाजवलं नाही. वाजवायचा प्रयत्नही केला नाही.

“म्हनीसन बोट मन्हा हातमा ठेवं,” ते म्हणाले. “बोट ज्याना हातमा, त्यानावर पाळी येत नई.”

ते पुढं म्हणाले, तुझं बांधलेलं आहे हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. खरं मोकळं वाजवणारा कुणी माझ्या पथकात आला असता तर माझी झोप उडाली असती. त्या ट्रंपेटवाल्याची फिल्मी चाल कुणीही ओळखली असती, तुझा तुकडा लोकांना ओळखू येत नव्हता. तुला ठेवलं ते म्हणूनच.

बावीस वर्षं मी ज्या गोष्टीला जीव मुठीत धरून भीत होतो, तिच्याचमुळे मला ठेवलं होतं! मला मास्तरांचा असा राग आला, की ताट उचलून फेकावंसं वाटलं. मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. तो अजून कापत होता, आणि ते वयामुळे नव्हतं.

“आज पन मी तुन्हंच वाजाडं,” मास्तर म्हणाले. “मन्हं काहीच नई शे.”

सॅक्सोफोन त्यांनी परत माझ्या मांडीवर ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. पथक माझ्याकडे आलं आणि बोटही.

हल्ली डीजेवाल्यांनी आमच्या नाकी नऊ आणलेत, तरी कुणीतरी हौसेनं बोलवतं. परवा वरणगावला कमानीपाशी मी हात वर केला. बँड गप्प झाला, ढोल चालू राहिला. पथकातले पाचही जण एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. कुणाकडेही बोट केलं असतं तरी चाललं असतं. फार सोपं होतं ते, मला तेव्हा कळलं किती सोपं होतं. मी बोट वळवून आपल्याच छातीवर टेकवलं आणि कोरडी रीड ओठात धरली. पहिला सूर केकाटला.